प्रकल्प नोंदी: पळपुटी पिशवी (सांगली, एप्रिल ते ऑगस्ट २०२५)

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. सुंठवडा खाऊन झाल्यावर माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. २०१९ च्या पुरातनं वाचलेली कागदपत्रं हिच्यात आहेत. वाचलेली म्हणजे गच्चीवरच्या तारेला चिमटे लावून वाळवलेली. रेशनकार्डाची पानं एकमेकांना चिकटलेली. माझ्या डिप्लोमाच्या सर्टिफिकेटवर जांभळा ढग. विम्याची पॉलिसी उघडायला गेलो की पापडासारखी मोडते.

त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. त्याआधी २००५ ला ५३ च्या वर, नंतर २०२१ ला ५४ च्या वर. सोळा वर्षांत तीनदा. आम्ही गावभागात राहतो, तळमजला आणि वर एक मजला. पुलाजवळ ४७ च्या आसपास झालं की आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी लागतं, हा अनुभवाचा हिशेब.

२०१९ ला आम्ही निघालो नाही ते हिमतीनं नव्हे. सकाळी निघायचं ठरलं होतं. मग आईच्या औषधांची चिठ्ठी सापडेना. मग कपाटाची किल्ली. मग मुलीचा जन्मदाखला. दुपारी दोनला सगळं सापडलं तेव्हा गल्लीत मांडीएवढं पाणी होतं. पुढचे तीन दिवस वरच्या मजल्यावर, चौथ्या दिवशी बोटीतनं बाहेर.

म्हणून हा प्रकल्प. मे संपायच्या आत, पूर आला की उचलून निघायच्या पिशव्या तयार. निघायचं ठरल्यापासून पंधरा मिनिटांत कुलूप. खर्चाची मर्यादा ६,००० रुपये. आईनं लगेच नाव ठेवलं: पळपुटी पिशवी. राहू दे तेच.

१३ एप्रिल, रविवार

यूट्यूबवर असल्या पिशव्यांचे व्हिडिओ बघितले. बहुतेक परदेशी. माणूस जंगलात जातो, चकमकीनं आग पेटवतो, कुऱ्हाडीनं फांद्या तोडतो. आम्हाला गावभागातनं विश्रामबागला मेहुणीकडे जायचंय. तिथं गॅस आहे, अंथरूण आहे आणि टीव्हीवर मालिका आहेत. कुऱ्हाड रद्द. होकायंत्र रद्द. मासे पकडायचा गळ तर पुराच्या पाण्यात हास्यास्पदच.

पण मेहुणीकडे पोचता आलं नाही तर? रात्र एखाद्या शाळेत, महापालिकेच्या निवारा केंद्रात काढावी लागेल. आणि त्याहून वाईट म्हणजे पुन्हा वरच्या मजल्यावर अडकलो तर? तेव्हा पिशवीनं तीन दिवस भागवलं पाहिजे. या तीन शक्यता वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या. यापलीकडचं काही घ्यायचं नाही.

२० एप्रिल, रविवार

पाण्याचं गणित मांडलं आणि तिथंच बसलो. माणशी दिवसाला तीन लिटर धरले तर चार माणसं, तीन दिवस, ३६ लिटर. म्हणजे ३६ किलो. माझी आई ४१ किलोची आहे.

तेव्हा पाण्याचे दोन भाग केले. पाठीवर प्रत्येकाची एक लिटरची बाटली, बास. उरलेलं वरच्या मजल्यावर, झाकणाच्या कॅनमध्ये, पाऊस लागला की भरून ठेवायचं आणि दर पंधरा दिवसांनी बदलायचं. २०१९ ला चोहीकडे पाणी आणि नळ कोरडा, असे दिवस काढलेत. सोबत मेडिक्लोरची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या औषधाची, बाटली. ती मागं किती दिवस कपाटात होती कोण जाणे, नवीन घेतली. बाटलीवरचं प्रमाण छोट्या अक्षरात असतं, ते मार्करनं मोठं लिहून वर सेलोटेप मारला. गढूळ पाणी आधी सुती फडक्यातनं गाळायचं, निवळू द्यायचं, मग औषध घालून अर्धा तास थांबायचं. उकळायची सोय असेल तर उकळणंच बरं.

ओआरएसच्या आठ पुड्या. संपल्या तर एक लिटर पाण्याला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, सपाट भरलेला. मुलीला हे पाठ करायला लावलं.

२७ एप्रिल, रविवार

पिशवी कसली, यावर आठवडा गेला. मुलीचं जुनं दप्तर मजबूत आहे, वरनं पावसाचं कव्हरही आहे. आज त्याची परीक्षा घेतली. आत वर्तमानपत्र, त्यावर चार प्रकारच्या लेखणीनं लिहिलेले कागद, आणि सगळं दप्तर गच्चीवरच्या बॅरलमध्ये पाच मिनिटं दाबून धरलं.

कव्हरचा उपयोग शून्य. पाणी पाठीच्या बाजूनं, पट्ट्यांच्या शिवणीतनं आत आलं. हे कव्हर वरनं पडणाऱ्या पावसासाठी असतं, बुडण्यासाठी नाही.

चार लेखण्यांचा निकाल: जेल पेन पुसून गेलं, शाईच्या पेनाची निळी रांगोळी झाली, बॉलपेन टिकलं, शिसपेन्सिल तर जशीच्या तशी. फोन नंबरांची यादी आता शिसपेन्सिलनं.

दुसरी फेरी. खताच्या पोत्याच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी असते, ती मिरजेच्या शेतकरी मित्राकडनं चार आणल्या. साबणानं धुऊन दोन दिवस उन्हात, तरी युरियाचा वास आहेच. ती दप्तरात अस्तरासारखी बसवली, तोंड पिळून, दुमडून सुतळीनं बांधलं. बॅरलमध्ये दहा मिनिटं. आतलं वर्तमानपत्र कोरडं! आणि एक गोष्ट आपोआप कळली: तोंड बांधताना आत हवा राहिली की दप्तर तरंगतं. बुडलं तर हाती लागणार नाही, तरंगलं तर लागेल. हवा थोडी ठेवायची.

४ मे, रविवार

खाणं. हा भाग बायकोच्या ताब्यात गेला आणि बरंच झालं.

मी भडंग सुचवलं. सांगलीचा माणूस दुसरं काय सुचवणार? तिनं वजनकाटा पुढं ठेवला. पाव किलो भडंगाला अर्धं दप्तर लागतं. शिवाय पाकीट एकदा फोडलं की पावसाळी हवेत संध्याकाळपर्यंत सादळतं. भडंग वगळलं. मनाला लागलं.

तिची यादी: कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळपापडी, खारीक, भाजलेले चणे. कडक भाकरी पातळ, वाळलेली, पाण्याशिवाय खाता येते आणि नीट ठेवली तर आठवडे टिकते. दोन दोनच्या चवडी करून वर्तमानपत्रात, मग डब्यात, नाहीतर पिशवीत भुगा होतो. (भुगाही चटणी-तेलात चांगला लागतो, ते वेगळं.) मीठ जास्त असलेलं काही नको, कारण तहान लागते आणि पाणी मोजकं आहे. चटणीतलं मीठ तिनं निम्मं केलं.

आईला साखर चालत नाही, म्हणून तिच्या पिशवीत गूळपापडी नाही. पण इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर एकदम उतरली तर गोडच लागतं, म्हणून ग्लुकोजचा छोटा डबा आहे. आईला सांगितलं, हा खाऊ नव्हे. तिनं असं बघितलं की मी विषय बदलला.

७ मे, बुधवार

आज देशभर नागरी संरक्षणाचा सराव होता. काही शहरांत भोंगे वाजले, दिवे घालवले. व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळपासून युद्धाच्या पिशव्यांच्या याद्या फिरताहेत. समोरचे काका, ज्यांनी महिनाभर माझी थट्टा केली, ते चष्मा लावून वही बघायला आले. खताच्या पिशवीची युक्ती त्यांनी उचलली. कडक भाकरीचा पत्ताही विचारून गेले.

११ मे, रविवार

औषधं. सगळ्यात जास्त विचार इथं लागला.

आईचं इन्सुलिन. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. पुरात लाइट गेली की फ्रिज हे नुसतं कपाट. डॉक्टरांना विचारून आलो. वापरातली बाटली उन्हापासून लांब, घरातल्या हवेत साधारण चार आठवडे चालते, तेव्हा तीन दिवसांसाठी घाबरायचं कारण नाही. जास्तीच्या बाटलीसाठी रुंद तोंडाचा थर्मास. बर्फाला बाटली थेट चिकटू द्यायची नाही, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. मी बर्फात गाडून नेणार होतो. विचारलं ते बरं.

थर्मास नसेल तर मातीची दोन भांडी, एकात एक, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. घरी करून बघितलं. आतली हवा हाताला स्पष्ट गार लागते. पण हे वरच्या मजल्यासाठी, पाठीवरून न्यायला नाही.

बाकी: रक्तदाबाच्या गोळ्या दहा दिवसांच्या, मूळ पाकिटात, कारण सुट्या गोळ्या बघून दुसरा डॉक्टर काही सांगू शकत नाही. चिठ्ठीची छायाप्रत. साखर मोजायचं यंत्र आणि पट्ट्या. आईचा जुना चष्मा. कवळीची डबी. पॅड. जखमेचं औषध, कापूस, पट्ट्या. पुराच्या पाण्यातनं चालल्यावर लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतनं पसरणारा ताप) धोका असतो, त्याची गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही, आरोग्य केंद्रात विचारून घ्यायची. पिशवीत त्याऐवजी पायाची भेग झाकायला चिकटपट्टी आणि दाराशी गमबूट.

१३ मे, मंगळवार

दहावीचा निकाल. मुलगी ८९ टक्के. पेढे. नोंद एवढीच की निकालाची छापील प्रत कागदांच्या पाकिटात गेली.

१८ मे, रविवार

कागद. मूळ कागद झिपच्या पिशवीत, दोन थर. आधार, रेशनकार्ड, घराचं प्रॉपर्टी कार्ड, पासबुक, लाइट बिल, विमा, मुलीचा जन्मदाखला. लॅमिनेशन मुद्दाम केलं नाही, काही ठिकाणी लॅमिनेट केलेला मूळ कागद घ्यायला खळखळ करतात. सगळ्याचे फोटो डिजिलॉकरमध्ये, मेलवर आणि मेहुणीच्या फोनमध्ये.

घराचा व्हिडिओ केला. प्रत्येक खोली, कपाटं उघडून, फ्रिजचा नंबर, वॉशिंग मशीनचा नंबर. २०१९ ला पंचनाम्याला माणसं आली तेव्हा "काय काय होतं?" या प्रश्नाला मला निम्म्या वस्तू आठवल्या नव्हत्या. चिखलात उभं राहून माणसाला आपल्या घरात काय होतं ते आठवत नाही.

रोख रक्कम: ४,००० रुपये, दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटांत. बँकेत सुट्या नोटा मागितल्यावर कॅशियरनं विचारलं, लग्न आहे का?

२१ मे, बुधवार

पॉवर बँक २०,००० एमएएचची, असं खोक्यावर. फोन दोनदाच भरला आणि मान टाकली. दुकानदार म्हणाला, असंच असतं. दुसऱ्या दुकानातनं दुसरी घेतली. ९०० रुपये बुडाले. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला चार्ज, मुलीच्या फोनमध्ये गजर.

कपाळावर बांधायची बॅटरी दोन नग. हात मोकळे राहतात. आई म्हणते, खाणकामगार दिसतोस. लहान रेडिओ, सेलवरचा. आकाशवाणी सांगली वरच्या मजल्यावर स्वच्छ लागतं. सेल रेडिओत घालून ठेवायचे नाहीत, गळतात. शेजारी, वेगळ्या पुडीत. चार शिट्ट्या, प्रत्येकाच्या पट्ट्याला बांधल्या. तीन वेळा वाजवली की मदत हवी. ओरडून घसा जातो, शिट्टी जात नाही.

२६ मे, सोमवार

पाऊस आला! मान्सून आज मुंबईत पोचला, मे महिन्यात. इकडंही आठवडाभर कोसळतोय. माझी मुदत ३१ मेची होती, निसर्गानं ती अलीकडं ओढली. घाईघाईनं पिशव्या उघडून बघितल्या तर खारकेत मुंग्या. डब्याचं झाकण मीच सैल ठेवलं होतं.

पाऊस दिसला की सांगलीचा माणूस धरणांचे आकडे जावयाच्या पगारासारखे घोकायला लागतो. कोयना १०५ टीएमसी, चांदोली ३४. मुलीनं विचारलं, टीएमसी म्हणजे काय? हजार दशलक्ष घनफूट. ती म्हणाली, "पप्पा, मग तुम्ही फुटांत का बोलता?" कारण धरण टीएमसीत भरतं आणि घर फुटात बुडतं.

१ जून, रविवार

वजनं. ताणकाट्याला लटकवून.

माझी: ११.४ किलो
बायकोची: ७.२
मुलीची: ६.१
आईची खांद्याची पिशवी: २.३

माझी जास्त आहे. मांडीएवढ्या पाण्यात अकरा किलो घेऊन आईला धरून चालायचंय. सगळं जमिनीवर मांडलं आणि प्रत्येक वस्तूला विचारलं, तू नसलीस तर काय अडेल? पक्कड-पान्यांचा संच गेला. दुसरी पँट गेली. जाड टॉवेल गेला, त्याऐवजी पंचा आला. पंचा अंग पुसतो, तासाभरात वाळतो, डोक्याला बांधता येतो, हात मोडला तर गळ्यात झोळी होते, आणि वजन दीडशे ग्रॅमही नाही. नायलॉनची दोरी राहिली, दहा मीटर. चाकू छोटा. काडेपेटी, मेणात बुडवलेल्या काड्यांची. नवीन वजन ७.९.

८ जून, रविवार

आज भांडण.

आईच्या पिशवीचं वजन २.३ वरनं ४ वर गेलेलं दिसलं. उघडली. तळाशी देवांचे टाक, शाळिग्राम, अन्नपूर्णा आणि पितळेची घंटा.

"आई, घंटा?"

"देवांना न्यायचं आणि घंटा पुरात ठेवायची?"

मी वजनाचं बोललो. ती म्हणाली, २०१९ ला देव माळ्यावर ठेवून आपण बोटीत बसलो, आठ दिवस देवांना पाणी नाही. मग माझ्या लक्षात आलं की त्या वेळी निघायला उशीर का झाला याची माझी गोष्ट अपुरी होती. किल्ली आणि चिठ्ठी सापडत नव्हती हे खरं. पण आई देव्हाऱ्यापुढं बसून राहिली होती, हेही खरं. मी ते कधी कारणांत धरलंच नव्हतं.

टाक आणि अन्नपूर्णा एका जुन्या रेशमी खणात गुंडाळून, खास कप्प्यात. शाळिग्राम माझ्याकडे. घंटा घरी. तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली मुलीकडं गेली. २.४ किलो. तह.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. आज मुख्य ठराव झाला. पिशवी कशी, हे दोन महिने चाललं. कधी उचलायची, हे कोणी बोलतच नव्हतं.

आमच्या गावाची एक सवय आहे. पुलावर जाऊन पाणी बघायचं, फोटो काढायचे, आणि "अजून काही नाही" म्हणून चहाला जायचं. ४० ला "बघू", ४३ ला "उतरेल", ४५ ला "खाली कर्नाटकात अलमट्टी धरणानं पाणी सोडलं की झालं", आणि ४७ ला बोट कधी येते. बोटीत बसायची वेळच येऊ नये असं मला वाटतं. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढतानाच बोट उलटली. बायका होत्या, मुलं होती. आम्ही तेव्हा वरच्या मजल्यावर होतो. ती बातमी आम्हाला दोन दिवसांनी कळली, आणि त्यानंतर आई बोटीत पाय ठेवायला तयार नव्हती.

बायको म्हणाली सगळ्यांनी ४० ला निघायचं. मी म्हणालो ४५. आई म्हणाली, पाणी जिन्याला लागलं की. शेवटी वहीत लिहिलं:

३५ फूट: पिशव्या दाराशी. थर्मास, इन्सुलिन तयार. गाडी शंभर फुटी रोडला नेऊन लावायची.
४० फूट: आई आणि मुलगी विश्रामबागला. चर्चा नाही.
४३ फूट: आम्ही दोघं. मेन स्विच बंद, सिलिंडर बंद करून खिडकीच्या गजाला साखळीनं बांधायचा (भरलेला सिलिंडरही तरंगतो), फ्रिज टेबलावर, कुलूप.

रात्री पाणी वाढायचा अंदाज असेल तर प्रत्येक आकडा दोन फुटांनी अलीकडं, कारण अंधारात निघायचं नाही. चौघांच्या सह्या. आईनं सही करताना विचारलं, आणि ४३ ला निघालो आणि पाणी ४४ ला थांबलं तर? गल्ली हसेल.

हसू दे, असं मी म्हणालो खरं. पण प्रश्न बरोबर आहे. मला वाटतं आमच्या गल्लीतली निम्मी माणसं पाण्यापेक्षा या हसण्याला जास्त भितात.

१५ जून, रविवार

सराव. न सांगता, पहाटे साडेपाचला. पहिली फेरी २६ मिनिटं. बायकोनं दूध तापवायला ठेवलं होतं ते उतरवायला परत गेली, मुलगी चार्जर शोधत बसली, मी साखळीच्या कुलपाची किल्ली विसरलो. पुन्हा किल्ली! आता ती सिलिंडरशेजारीच खिळ्याला.

दुसरी फेरी १३ मिनिटं. आई जिन्यावर सावकाश उतरते, तिला चार मिनिटं लागतात आणि ती तेवढीच लागणार, घाई करायची नाही. तिला आधी उतरवायचं, बाकीचं नंतर.

समोरच्या काकूंनी खिडकीतनं विचारलं, "अष्टविनायकाला का?"

२९ जून, रविवार

दप्तर तपासलं. मुलीचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला पाकिटात नाहीत. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशासाठी काढले, परत ठेवले नाहीत. तिची चूक नाही, पिशवी अशीच रिकामी होते, एकेका कामानं. पाकिटावर कागद डकवला: काय काढलं, कोणी, कधी. वाचनालयासारखं.

२० जुलै, रविवार

भाकरी बदलली. जुनी आम्हीच खाल्ली, ताकाबरोबर. पाण्याचे कॅन बदलले. पॉवर बँक पूर्ण. एकूण खर्च ६,७५० रुपये. पॉवर बँकेनं मर्यादा मोडली.

हरिपूरला संगमावर जाऊन आलो. कृष्णा गढूळ, वारणा तिच्याहून गढूळ. तिथं एक म्हातारा भेटला. हळदीच्या पेवांच्या गोष्टी सांगत होता. जमिनीत खोल खड्डे, आत हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही, काही नाही. २००५ ला पाणी शिरलं आणि पेवं गेली. मी पिशवीचं काही बोललो नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस घाटावर धुवाधार. कोयनेचा विसर्ग वाढवलाय. पुलावर गर्दी, सगळ्यांचे फोन वर. पाणी आमच्या पहिल्या आकड्याकडं निघालंय आणि पुढं रात्र आहे, म्हणून दोन फुटांचा नियम लावला. पिशव्या दाराशी आणल्या. इन्सुलिनची नवी बाटली थर्मासमध्ये. गाडी शंभर फुटी रोडला लावून पावसात चालत परत आलो. रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय, सकाळी सहाला.

कागदांच्या पाकिटात शाळेचा दाखला आहे. जन्मदाखलाही आहे. यादीवर दोन्हीपुढं मुलीची सही, २ जुलै.

आईनं जेवण झाल्यावर चपला घातल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली. म्हटलं, अजून वेळ आहे, झोप थोडी. ती म्हणाली, मी झोपते, तू आयर्विनला किती झालं ते बघत राहा. पिशवीचा एक बंद तिनं मनगटाला गुंडाळलाय. आत घंटा आहे. जरा हलली की वाजते.